टायरची भिंत आणि चिऱ्याची भिंत

मिरकरवाड्याच्या बंदरावर संध्याकाळी फेरी मारणाऱ्या गृहस्थांनी एक गोष्ट पाहिली असेल. मासेमारीच्या नौकांच्या दोन्ही अंगांना मोटारींचे जुने टायर दोरखंडाने टांगलेले असतात. नौका धक्क्याला लागताना लाकडावर लाकूड आपटू नये, एवढेच त्यांचे काम. रस्त्यावर हजारो मैल धावून जो झिजला, तो इथे येऊन आणखी दहा वर्षे धक्के खातो, खारे पाणी पितो, उन्हात वाळतो आणि तरी मरत नाही. गावोगावी याच टायरच्या चपला होत, झोपाळे होत, छपरावरचा पत्रा उडू नये म्हणून त्यावर वजनही टायरचेच ठेवले जाई, अजूनही ठेवले जाते. परंतु टायरांचे घर म्हटले की आपण हसतो.

मागे एकदा व्याख्यान आटोपून आम्ही बाहेर पडत असताना एका तरुणाने आम्हांस अडविले. त्याने कुठेतरी वाचले होते की, अमेरिकेत कडाक्याच्या थंडीच्या मुलखात टायरांत माती ठासून घरे बांधतात आणि त्या घरांत शेकोटीवाचून ऊब राहते. त्याचे म्हणणे असे : थंडी बाहेर ठेवणारी भिंत ऊनही बाहेर ठेवील. मग आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे घर पाडून तसले घर रत्नागिरीस का बांधू नये? घरात त्याची आई एकटी असे. कौले फुटली होती, पश्चिमेच्या भिंतीला ओल आली होती, आणि एका ठेकेदाराने ‘सगळे पाडा, वर स्लॅब टाकू’ असा सल्ला देऊन ठेवला होता. प्रश्न सरळ होता. उत्तर देण्यास मात्र आम्हांस दोन भिंतींचा इतिहास धुंडाळावा लागला, आणि तोच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम परदेशची भिंत. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस न्यू मेक्सिको राज्यात ताओस म्हणून गाव आहे. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या आसपास उंच, पाऊस आपल्या देशावरच्या दुष्काळी तालुक्यांहूनही कमी, हिवाळ्यात बर्फ. तेथील मूळच्या लोकांची मातीची दुमजली-तिमजली घरे कित्येक शतकांची आहेत, हे विसरून चालणार नाही. या गावी मायकेल रेनॉल्ड्स नावाचा तरुण स्थापत्यविशारद १९६९ साली शिक्षण संपवून आला. त्याने प्रथम बिअरच्या रिकाम्या डब्यांचे घर बांधले. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेलाचे भाव भडकले आणि घर गरम ठेवणे ही त्या देशातही चैनीची गोष्ट होऊ लागली. त्याच दशकात रेनॉल्ड्सची दृष्टी टायरांकडे गेली.

टायरांचाच विचार का, हे कळण्यास आणखी मागे जावे लागते. चार्लस गुडइयर याने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापविले, तेव्हा चिकट रबराचे टणक व लवचीक रबर झाले. १८८८ साली डनलॉपने हवेने भरलेली धाव काढली. गंधकाने रबराचे कण एकमेकांशी असे बांधले जातात की, तो पदार्थ पुन्हा वितळवून नव्याने ओतता येत नाही. लोखंडाची भंगारात किंमत येते, काचेची येते. टायर जाळला तर विषारी धूर, पुरला तर कुजत नाही, साठविला तर त्यात पाणी साचून डास होतात. जो गुण रस्त्यावर भूषण, तोच उकिरड्यावर शाप. रेनॉल्ड्सने म्हटले, जी वस्तू कुजतच नाही ती घराच्या भिंतीस योग्य नव्हे काय?

त्याची रीत अशी. टायर जागेवरच आडवा ठेवावयाचा, त्यात फावड्याने माती घालावयाची आणि घणाने ठासावयाची. आपल्याकडे अंगण करताना धुमस घेऊन भुई चोपतात ना, तीच क्रिया, फक्त टायरच्या पोटात. भरलेल्या टायरचे वजन सुमारे तीनशे पौंड होते. मग तो हलविता येत नाही. त्यामुळे जिथे ठेवावयाचा तिथेच तो भरला पाहिजे. विटेप्रमाणे सांधा चुकवून थरावर थर चढवावयाचे, फटींत डबे व माती बसवावयाची, वरून गिलावा. भिंत अडीच फुटांच्या घरात जाडीची होते. घराची पाठ उत्तरेकडे मातीच्या बांधात गाडलेली, तोंड दक्षिणेकडे आणि त्या तोंडावर सबंध काच. हिवाळ्यातील सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे ऊन थेट मागल्या भिंतीपर्यंत पोचते. दिवसभर भिंत ते पिते, रात्री हळूहळू सोडते. छपरावर पडणारे पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी टाक्यांत जमा होते.

सरकारला हे रुचले नाही. नियमांत न बसणारी घरे लोकांना बांधून दिल्याबद्दल रेनॉल्ड्सला आपला व्यवसायाचा परवाना गमवावा लागला. पुढे २००७ साली न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने अशा प्रयोगांस जागा देणारा कायदा केला आणि परवानाही परत मिळाला. मध्यंतरी २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, विहिरींत खारे पाणी शिरले. त्यानंतर हा मनुष्य आपल्या सोबत्यांसह लिटल अंदमान बेटावर आला आणि तेथे टायर, बाटल्या व बांबू यांचे, पावसाचे पाणी साठविणारे घर त्याने बांधून दाखविले. अंदमान म्हटले की रत्नागिरीकरास वेगळीच आठवण होते, पण त्या बेटावरचा पाऊस आपल्या पावसाचा सख्खा भाऊ आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आता त्या तरुणाच्या वाक्यातील चूक कुठे आहे ते पाहू. ‘थंडी बाहेर ठेवणारी भिंत’ असे तो म्हणाला. वस्तुतः उष्णतेच्या बाबतीत भिंत दोन निरनिराळी कामे करू शकते, आणि आपल्या घरात या दोन्ही कामांची उदाहरणे आजीच्या काळापासून आहेत. एक गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले, थरांमध्ये हवा अडकलेली. ती स्वतः गरम नसते, अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दुसरा चुलीचा दगड. रात्री विस्तव विझला तरी पहाटेपर्यंत तो कोमट असतो. तो उष्णता अडवीत नाही, तो ती साठवितो व उशिरा परत देतो. टाकाऊ चिंध्यांपासून ऊब करण्याची कला आपल्या बायकांना शेकडो वर्षे ठाऊक होती, हा भाग वेगळा. पण टायरची भिंत ही गोधडी नव्हे, तो चुलीचा दगड आहे. ठासलेली माती उष्णता साठविते. अडविण्याचे काम मागचा मातीचा डोंगर आणि छपरातील भर करतात.

साठविणारी भिंत कुठे उपयोगी पडते? जिथे दिवस तापतो व रात्र गारठते तिथे. ताओसला दिवस आणि रात्र यांत पंधरा-वीस अंशांचे अंतर पडते, आणि हिवाळ्यातही आकाश निरभ्र असते. आपल्या देशात हाच न्याय लडाखला लागू आहे. लेहजवळ फे गावी सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठासलेल्या मातीच्या भिंतींची शाळा उभी केली. बाहेर शून्याखाली पंधरा-वीस अंश असताना ती केवळ सूर्यावर उबदार राहते. तेथे टायर वापरलेले नाहीत, कारण तेथे माती पुष्कळ आहे आणि ती ठासावयास फळ्यांचा साचा पुरतो. टायर हा मुळात तो साचाच. मातीला धरून ठेवणारे कडे.

रत्नागिरीस मात्र वैशाखात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सात-आठ अंशांचाच फरक. भिंतीने दिवसभर साठविलेले रात्री सोडावयाचे कुणाला? बाहेरची हवाही घामेजलेलीच. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही पश्चिमेकडून आडवा मारणारा. म्हणजे आपल्या घराचा पहिला शत्रू थंडी नव्हे, ऊनही नव्हे, ओल आहे. जुना कोकणी माणूस पुस्तक न वाचता हे जाणत होता, आणि त्याच्या भिंतीचा सगळा इतिहास हा ओलीशी केलेल्या लढाईचा इतिहास आहे.

या लढाईत सर्वांत गरीब सैनिक म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून, आडव्या बांधून, त्यावर शेणमातीचा लेप. मातीत भाताचा तूस नाही तर चिरलेला पेंढा मिसळावयाचा, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. शेण गोठ्यातले, तूस खळ्यातला, काठ्या रानातल्या. पैसा द्यावा लागे तो क्वचित खिळ्याला. त्याच्या वरच्या पायरीवर मळलेल्या मातीची थराथराने रचलेली जाड भिंत. तिला पाऊस लागू नये म्हणून छपराची वळचण पुढे हातभर काढलेली, आणि मृगापूर्वी पश्चिमेच्या अंगाला नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधलेले. शेतकरी इरले घेऊन लावणीला जातो, तसे घरही चार महिने इरले घेऊन उभे राही. दिवाळीनंतर झाप उतरत आणि चुलीत जात. यात टाकून द्यावे असे काही उरतच नसे.

आणि मग चिरा. जांभा दगड हा रत्नागिरीचा खरा धनी. सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर पडणाऱ्या पावसाने त्यातील विरघळण्याजोगे सगळे, वाळूचा अंशसुद्धा, धुऊन नेले आणि जे नेता आले नाही ते लोह व अॅल्युमिनियम मागे राहिले. तोच जांभा. तांबडा रंग त्या लोहाच्या गंजाचा. काळ्या पत्थराची ही पावसाने टाकून दिलेली टरफले म्हणा ना! त्यातून आपण किल्ले बांधले, देवळे बांधली, विहिरी बांधल्या. टाकाऊतून घर करण्याची कल्पना न्यू मेक्सिकोच्या आधी इथल्या सड्यांवर निसर्गानेच मांडून ठेविली होती.

या दगडाला शास्त्राने नाव दिले त्याची कथा मौजेची आहे. टिपू पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकॅनन यास म्हैसूर, कानडा व मलबार पाहून येण्यास पाठविले. मलबारात अंगडिपुरम येथे त्याने लोकांना हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापताना पाहिले. जमिनीत असताना मऊ, बाहेर काढून हवा लागली की टणक. तेथील भाषांत त्याला ‘वीट-दगड’ अशा अर्थाचे नाव होतेच. बुकॅननने विटेचा लॅटिन शब्द घेतला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात ‘लॅटराइट’ असे नाव दिले. जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले. थोडक्यात, मलबारच्या पाथरवटाचा शब्द लॅटिनचा अंगरखा घालून विद्यापीठात शिरला.

चिरा हातभराहून थोडा आखूड, एका माणसाने खांद्यावर घ्यावा इतपत जड. घर बांधावयाचे तर खाण जवळच, बहुधा त्याच सड्यावर. चिरे मातीत बसवीत, ऐपत असेल तर शिंपल्यांच्या चुन्यात. भिंत फूट-सव्वा फूट जाडीची. दुपारी दोन वाजता पश्चिमेच्या भिंतीवर बसलेले ऊन आत पोचावयास सात-आठ तास लागतात आणि तोवर खाडीवरचा वारा सुटलेला असतो. म्हणजे साठविण्याचा गुण तिच्यातही आहे, पण तो बेताचा, आपल्या हवेला पेलेल इतकाच. शिवाय जांभा सच्छिद्र आहे. त्याच्या पोटातील हवेमुळे तो काळ्या पत्थरापेक्षा उष्णतेला थोडा अधिक अडवितो. ती छिद्रेच पावसाळ्यात पाणी पितात, ही त्याची दुसरी बाजू. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूच्या मंदिराची गोष्ट पाहा. १६०५ साली पवित्र केलेली ही जांभ्याची इमारत साडेतीनशे वर्षे चुन्याच्या गिलाव्याखाली सुखरूप होती. १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, तिचा गिलावा काढून तांबडा दगड उघडा करण्यात आला. दिसावयास देखणी झाली खरी, पण पावसाने दगड झिजू लागला आणि आता पुन्हा गिलावा करावा की कसे यावर वाद चालतो. आमच्या मते पाथरवटाला विचारले असते तर वाद इतका लांबला नसता.

पण एवढे भिंतीचे गुण गाऊनही खरी गोष्ट सांगितलीच पाहिजे की, कोकणी घराची गोधडी भिंतीत नाही, ती डोक्यावर आहे. सूर्य आपल्या मुलखात माथ्यावर असतो, भिंतीवर तो कललेला येतो. म्हणून छप्पर हा घराचा मर्मभाग. पूर्वी गवताचे किंवा भातेणाचे छप्पर असे. थंडावा उत्तम, पण एका ठिणगीने वाडी भस्म होई. मग कुंभाराच्या चाकावरची नळ्याची कौले आली. आणि १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती खाचेत खाच बसणारी तांबडी कौले गलबतांतून किनाऱ्याने वर येऊ लागली. मंगळुरी कौल म्हणजे काही थंडगार वस्तू नव्हे. थंडावा कौलांच्या फटींतून निसटणाऱ्या गरम हवेत आहे, आणि त्याहीपेक्षा खालच्या माळ्यात. माळ्यावर भात, सुके नारळ, पेंढा, पणजोबांची पेटी, मोडका पाळणा. माजघरात वैशाखाच्या भर दुपारी आम्ही लहानपणी उघड्या भुईवर झोपत असू आणि वरून काही तापलेले जाणवत नसे. ती किमया या अडगळीची होती हे कळावयास आम्हांस पन्नाशी गाठावी लागली.

याचे राजेशाही उदाहरण आपल्या गावातच आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला आणि पुढल्याच वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. मंडालेचा सागवानी प्रासाद गेला. येथे चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांसारख्या घरांत काढल्यावर १९१० साली टेकडीवरचा राजवाडा त्याच्यासाठी तयार झाला, आणि १९१६ साली तो तेथेच वारला. राजकारण बाजूला ठेवून इमारतीकडे पाहा. तांबडा दगड, उतरती कौलारू छपरे, खोल ओसऱ्या, समुद्राचा वारा घेणाऱ्या मोठ्या खिडक्या. कैदी राजासाठी का होईना, पण साहेबालाही रत्नागिरीच्या हवेपुढे पडवी काढावी लागली.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, झाले, जुने ते सोने. तसे आम्ही म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारी व आसपासच्या गावांत दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती होत्या, वर माळवद. लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे त्यावर घातलेली आणखी माती. उन्हाळ्यात त्या घरांसारखा थंडावा नाही. पण भूकंपाने तोच भार झोपलेल्या माणसांवर आला आणि आठ-दहा हजार जीव गेले. भिंतीच्या दोन पदरांना आरपार बांधणारे दगड नव्हते, म्हणून ती उलगडून पडली. ऊन अडविणारे वजन माणसालाही चिरडते. आपला जिल्हा कोयनेच्या फार दूर नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ चा हादरा इकडेही बसला होता. आणि कौलांचे म्हणाल तर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडविले. स्लॅबची घरे उभी राहिली. ज्या घरातील बाई त्या दुपारी शेजाऱ्याच्या स्लॅबखाली मुलांना घेऊन बसली, तिला कौलांच्या थंडाव्यावर व्याख्यान देण्याची आमची छाती नाही.

म्हणून स्लॅब आला. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीने पूर्वी कौले आणली, पुढे सिमेंट आणले. दरवर्षीची शाकारणी नको, माकडांनी कौले फोडण्याची धास्ती नको, वादळाची भीती नको. पण स्लॅब म्हणजे डोक्यावर उताणा ठेवलेला चुलीचा दगड. दिवसभर तापतो आणि रात्री नऊनंतर खाली झोपलेल्या माणसावर ओततो. आपल्या पावसात पाच-दहा वर्षांत तो झिरपूही लागतो. मग काय करतात? आमच्या तालुक्यात कुठेही पाहा, स्लॅबवर लोखंडी खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढविलेले दिसेल. त्या दोन छपरांमध्ये नारळ वाळतात, मोडकी सायकल पडते, पेंढा येतो. म्हणजे हिंडून फिरून माणूस माळ्यावरच आला, फक्त दोन छपरांचे पैसे मोजून.

या कोड्याला एका माणसाने वेगळे उत्तर दिले. लॉरी बेकर हा इंग्रज स्थापत्यकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत थांबला असताना त्याची गांधीजींशी भेट झाली. घराचे सगळे सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळालेले असावे, हा गांधीजींचा विचार त्याच्या मनात बसला, असे तो सांगे. तो हिमालयात पिठोरागडला राहिला, नंतर केरळात, आणि २००७ साली तिरुअनंतपुरम येथे वारला. त्याने विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीच्या पोटात हवेची पोकळी ठेवली. विटा जवळजवळ चतुर्थांश वाचल्या आणि भिंतीला गोधडीचा गुण आला. आणि स्लॅबमध्ये त्याने जुनी, टाकून दिलेली मंगळुरी कौले घातली. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातील काँक्रीट फारसे वजन पेलत नाही, ते सळ्यांना धरून ठेवते इतकेच. तेव्हा दोन सळ्यांमधल्या चौकोनात दोन कौले एकमेकांवर पालथी ठेवावयाची. मध्ये हवा राहते, काँक्रीट वाचते, वजन घटते, उष्णता अडते. खालून पाहिले तर छताला कौलांची नक्षी दिसते.

हे समजल्यावर आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. टायरचा विचार त्याने आपणहून सोडला होता. त्याची कारणेही चांगली होती. टायरच्या पाठीशी मातीचा डोंगर रचावयाचा, आणि आपल्या पावसात त्या डोंगरातून चार महिने पाझर घरात येणार. काच लावावी तर वैशाखात भट्टी. उघडे राहिलेले टायर डासांना आंदण. आणि गोधडी नको त्या हवेत चुलीचा दगड कशाला? मिरकरवाड्याहून चार टायर मात्र त्याने आणले होते. विहिरीच्या वाटेवरचा बांध दरवर्षी ढासळे, तिथे ते माती ठासून पायऱ्यांसारखे बसविले होते. टायरची भिंत कोकणात कुठे शोभेल याचे उत्तर त्याला आमच्याआधी सापडले होते.

घराची भिंत आम्ही गवंड्याकडून ठोकून पाहिली. चिरे शाबूत होते. ओल खालून नव्हे, वरून येत होती. पन्हळ फुटून पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उतरत होते, आणि मधल्या काळात कुणीतरी लावलेला सिमेंटचा गिलावा ते आत कोंडून ठेवीत होता. सबंध घर पाडण्याचे कारण दीड हात लांबीच्या फुटक्या पन्हळीत होते. गवंड्याने सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा सुचविला आणि भिंतींच्या माथ्यावर, कौलांखाली, चारी बाजूंनी सळ्यांचा पट्टा ओतण्यास सांगितले, म्हणजे हादरा बसला तर कोपरे सुटणार नाहीत. वासे पट्ट्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळावयाचे, हे वादळासाठी. मागची पडवी तेवढी नव्याने बांधावी आणि तिच्यावर बेकरच्या रीतीचा स्लॅब घालावा, म्हणजे वादळात बसावयास एक पक्की खोली होईल, असे ठरले. आईने एकच विचारले, माळा राहणार ना? तिचे वर्षाचे भात तिथे होते.

पडवीवरून उतरविलेली कौले अंगणात रचून ठेवली आहेत. अखंड निराळी, कानेकोपरे उडालेली निराळी. अखंड कौले माजघरावरच्या फुटक्यांच्या जागी जातील, उडालेली स्लॅबच्या पोटात. काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप अजून वाचता येतो. गवंडी म्हणतो, मृगाच्या आत स्लॅब होणे नाही, तेव्हा यंदाचा पाऊस पश्चिमेला झाप बांधूनच काढावा लागेल. झाप विणणारी माणसे वाडीत आता दोनच उरली आहेत, आणि त्यांच्याकडे आधीच पुष्कळांनी सांगून ठेवले आहे.